तापमान जुळले, पण कशामुळे?
हवामानाच्या संगणकीय प्रारूपातील आर्क्टिकचे हिवाळी पृष्ठतापमान निरीक्षणांशी जुळले की पृष्ठभागाच्या ऊर्जेचा ताळेबंदही (किती ऊर्जा येते, किती जाते) बरोबर मानावा, हे मत मला पटत नाही. ढगांकडून येणारे दीर्घतरंग प्रारण (उष्णतेचे अवरक्त किरण) प्रारूपात कमी पडले आणि हवेतून पृष्ठभागाकडे येणारी उष्णता तितकीच जास्त धरली गेली, तर दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. १९९७-९८ च्या शेबा या आर्क्टिक महासागराच्या पृष्ठभागाचा उष्णता-ताळेबंद मोजणाऱ्या मोहिमेत आर्क्टिक समुद्रबर्फावर हिवाळ्यात दोन अवस्था ठळक दिसल्या: निरभ्र आकाशाखाली निव्वळ दीर्घतरंग प्रारण (आलेले वजा गेलेले) उणे ४० वॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास, तर अतिशीत (शून्याखालीही न गोठलेल्या) जलबिंदूंच्या ढगांखाली जवळपास शून्य. अनेक प्रारूपे हे बिंदू फार लवकर गोठवतात आणि दुसरी अवस्था विरळ होते. मासिक सरासरी (ती फारच सोशिक असते) हे सारे पोटात घालते. म्हणून या प्रारणाच्या तासागणिक नोंदींचे वितरण, म्हणजे कोणते मूल्य किती वेळा येते, हे तपासावे.