कॉर्न म्हणजे मका की धान्य?

रानवाट: इंग्लंडच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात १८१५ चे 'कॉर्न लॉज' आलेत. मी 'धान्य कायदे' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'मका कायदे' केलं, म्हणे कॉर्न म्हणजे मका हे शाळेतलं पोरही सांगेल. अहो पण कायदा मुख्यतः गव्हाचा होता, देशी गहू क्वार्टरला (धान्याचं जुनं इंग्रजी माप) ८० शिलिंगवर जाईपर्यंत परदेशी गहू विकायला बंदी! त्यांना कसं पटवू?

धुंडाळ्या: 'धान्य'च बरोबर. जिथलं जे मुख्य पीक ते तिथलं कॉर्न, इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. मक्याला आधी 'इंडियन कॉर्न' म्हणायचे, अमेरिकेत पुढे नुसतं कॉर्न राहिलं. १८४६ मध्ये हे कायदे उठवले ब्रिटनचा पंतप्रधान रॉबर्ट पीलने, आणि त्याच्या आदल्याच वर्षी आयर्लंडात बटाटा सडला तेव्हा अमेरिकेतून गुपचूप मका मागवला तोही त्यानेच. दोन्हीकडे मका लिहिलात तर वाचकाला काय कळणार?

मोगरा७: कॉर्न आपल्या 'कण'वरूनच आलंय. कण, कणीस, कॉर्न. आजोबा ठामपणे सांगायचे.

धुंडाळ्या: उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही हो. कॉर्न आणि लॅटिन 'ग्रानुम' एका मुळाचे, त्या ग्रानुमचं फ्रेंचमार्गे ग्रेन झालं. संस्कृतात 'जीर्ण'शी नातं लावतात, पिकलेलं या अर्थाने. कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं गोमांस, त्यातलं कॉर्न म्हणजे जाड मिठाचे खडे. पायाच्या कुरुपालाही इंग्रजीत कॉर्न म्हणतात, ते मात्र वेगळ्या घरचं, शिंगाच्या लॅटिन शब्दावरून.

मोगरा७: जीर्ण चालतं आणि कण नाही? मला नाही पटत. आणि मंडईत 'स्वीट कॉर्न द्या' कशाला, गोड मका म्हणायला जीभ अडते का?

पिंपळपान: गोड मका म्हणून बघा, विकणारा तोंडाकडे बघत राहील. लोक म्हणतात तो शब्द. बाकी कॉर्नसारखं आपल्याकडेही आहेच, आमच्या भंडाऱ्यात धान म्हटलं की फक्त तांदळाचं पीक, गव्हाला कुणी धान म्हणणार नाही.

रानवाट: हे तपासणाऱ्यांना सांगते. पण 'धान्य कायदे' ठेवू की 'अन्नधान्य कायदे'?

सागरवेळ: धान कसलं, कोकणात शेतात असतं ते भात. भात लावला, भात कापला, भात झोडला. गिरणीतून आला की तांदूळ आणि ताटात परत भात.

मोगरा७: शेतातल्याला साळ म्हणतात. भात शिजल्यावर.

सागरवेळ: मग 'भातशेती' काय शिजवून करतात का?