गडांवर न्यायला मिररलेस की खिशातला कॉम्पॅक्ट?

मंडळी, मदत हवी आहे. भाद्रपदात राजगड, हरिश्चंद्रगड अशी भटकंती असते. त्यासाठी मिररलेस (लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यावा की सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ हा खिशात मावणारा कॉम्पॅक्ट? सोनी जेमतेम ३०० ग्रॅमचा, झूम २४-२०० मिमी (म्हणजे रुंद देखाव्यापासून दूरचं जवळ आणण्यापर्यंत), सॅकच्या पट्ट्याला अडकवला की झालं. पण सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) लहान, ‘१ इंची’ प्रकारातला. संध्याकाळच्या धुक्यात फोटो दाणेदार येतात का? कॅनन आर५० या मिररलेसचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर बराच मोठा, मात्र कोकणकड्यावरच्या वाऱ्यात लेन्स बदलणार कोण! (पावसापासून खास संरक्षण दोन्हींना नाही, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी आलीच.) मोठे प्रिंट काढायचे नाहीत, पण अख्खा कडाही हवा आणि सोनकीचं एकटं फूलही. कॉम्पॅक्ट वापरणाऱ्यांनो, बाहेर येणाऱ्या लेन्समधून आत धूळ-ओल शिरते का? सेकंडहँड घेताना काय तपासू?