आईच्या पेट-सीटीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम दिसलंय, आता काय करू?

कृष्णाकाठची_लेक
आई ६३ वर्षांची. डाव्या स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि केमो झाले, सोमवारी रेडिएशनच्या आखणीचा सीटी आहे. काल फाइल लावताना पेट-सीटीचा रिपोर्ट पुन्हा वाचला. तेव्हा 'इतरत्र पसरलेला नाही' एवढंच वाचून आम्ही देवापुढे साखर ठेवली होती. शेवटून दुसऱ्या ओळीत 'कोरोनरी कॅल्सिफिकेशन' लिहिलंय. पाच महिन्यांत एकाही डॉक्टरांनी त्याचा विषय काढला नाही. आईला बीपी आहे, मामा ५२ व्या वर्षी अटॅकने गेला. आता जिना चढताना तिला धाप लागते, ती केमोमुळे असं आम्ही धरून चाललो होतो. रेडिएशन थांबवावं लागेल का?

लिनॅकवाला
ताई, मी रेडिएशन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. हा कॅन्सर नव्हे, कॅल्शियमच्या गोळ्यांमुळेही नव्हे. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचे थर साचतात, त्यांत कॅल्शियम बसतं आणि सीटीत ते हाडासारखं पांढरं दिसतं. हृदयाच्या खास सीटीत ईसीजीशी जुळवून फोटो काढतात, म्हणून नेमका स्कोअर मिळतो. पेटच्या सीटीत ठोक्यांनी चित्र हलतं, तरी थोडं आहे की बरंच, हे रेडिओलॉजिस्ट सांगू शकतात. तेवढं विचारून घ्या.

सोमवारच्या सीटीतही हृदय दिसेलच. नेदरलँड्समध्ये १५,९१५ स्तन-कॅन्सर रुग्णांच्या अशाच आखणीच्या सीटींवरून संगणकाने कॅल्शियम मोजलं. ज्यांचा स्कोअर जास्त, त्यांना पुढे हृदयविकारासाठी दाखल व्हावं लागण्याचं प्रमाणही जास्त निघालं. वेगळा स्कॅन नाही, वेगळा खर्च नाही, आणि तरी ही माहिती बहुतेक वेळा वापरलीच जात नाही. मला याची फार खंत वाटते.

रेडिएशन या एका ओळीवरून थांबत नाही. पण २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात हृदयाला मिळणारा सरासरी डोस १ ग्रेने (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजण्याचं माप) वाढला की हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. आधीच धोका असलेल्यांना हे जास्त जड जातं. डावी बाजू आहे, तर श्वास रोखून रेडिएशन देता येईल का, हे नक्की विचारा. दीर्घ श्वास घेतला की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं.

सुमनमावशी
बाळा, धापेचं सोमवारपर्यंत ठेवू नकोस, आजच फोन कर. माझ्या केमोत लाल औषध होतं, त्याचा परिणाम हृदयाच्या स्नायूवर होतो आणि तो या कॅल्शियमवरून कळत नाही. त्याला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागते. हिमोग्लोबिनही बघायला सांग. माझ्याही रिपोर्टात अशीच ओळ होती. हृदयाच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, ती मी अजून घेते.

कृष्णाकाठची_लेक
मावशी, फोन केला. उद्या सकाळी इको आणि रक्त. लाल औषध आईलाही होतं. दादा, श्वास रोखण्याचं विचारलं. आईला जमतंय का ते सोमवारी बघतो म्हणाले. आत्ता ती पलंगावर बसून श्वास धरतेय आणि मी घड्याळ बघतेय. अठरा सेकंद झाले.