निपाणी-चिकोडी भागात स्वतःच्या नावानं लग्नाच्या फोटोग्राफीच्या ऑर्डरी घ्यायच्यात. आधी काय घ्यावं, रेट कसा लावावा?

कोगनोळी_फाटा

निपाणीत एका स्टुडिओत हेल्पर म्हणून काम करायलोय. साईड कॅमेरा, फ्लॅश धरणं, सिलेक्शन आणि थोडंफार अल्बम डिझाइन जमतंय. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांपासून स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्यात. जवळ क्रॉप (लहान) सेन्सरची जुनी बॉडी म्हणजे नुसता कॅमेरा, त्यासोबत आलेली किट लेन्स आणि 50 एमएम एफ 1.8 लेन्स आहे. हातात दीड लाख रुपये आहेत. त्यात नेमकं काय घेऊ? लांबून काढायची 70-200 लेन्स लागतेच का? आणि इथं सगळे एकमेकांपेक्षा कमी रेट सांगतात, त्यात आपला रेट कसा ठरवायचा? सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागल-कोल्हापूरच्या ऑर्डरी घेतल्या तर जीएसटीची भानगड होते का?

अंतरपाट

बॉडी घेताना एकच अट सोडू नका, दोन कार्ड स्लॉट. मेगापिक्सेल 24 पुरे. नवी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आणि चांगली लेन्स दोन्ही दीड लाखात बसवणं कठीण आहे, म्हणून बॉडी सेकंडहँड बघा. घेताना शटर काउंट (आजवर किती क्लिक झाले) तपासा, एफ 16 ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा, दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून बघा, हॉट शूवर (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेवर) फ्लॅश लावून बघा. मूळ बिल नसेल तर स्वस्त मिळतोय म्हणूनही घेऊ नका. लेन्स टॅमरॉनची 28-75 एफ 2.8 किंवा त्या तोडीची दुसरी. जुनी बॉडी विकू नका, 50 एमएम लावून ती गळ्यात दुसरी राहू द्या. मुहूर्ताच्या वेळी पहिला कॅमेरा अडकला तर तोच आधार. 70-200 भाड्यानं आणा.

उरलेले सगळे पैसे उजेडावर घाला. आपल्याकडची मंगल कार्यालयं म्हणजे वर उंच पत्रा किंवा लाल-पिवळ्या कापडाचं छत. तिथं फ्लॅश वर मारून बाउन्स केला तर पत्र्यावरून काही परत येत नाही, आणि कापडाचा रंग नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो. दोन लिथियम बॅटरीचे फ्लॅश, ते लांबून पेटवायला ट्रिगर, दोन स्टँड आणि स्टँडच्या पायात घालायला वाळूच्या पिशव्या घ्या. स्टेजच्या दोन कोपऱ्यांत डोक्याच्या वर, 1/8 पॉवरला सुरुवात करा. फुल पॉवरवर सलग मारत राहिलात तर फ्लॅश तापून बंद पडतो, तोही नेमका सप्तपदीला.

एलईडी वॉल आणि स्वस्त एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 1/250 शटर स्पीडला फोटोत आडवे पट्टे येतात, 1/100 किंवा 1/50 ला ते जातात किंवा बरेच कमी होतात. एलईडी वॉलची स्वतःची लुकलुक वेगळी असते, म्हणून कार्यक्रमाआधी दोन-चार टेस्ट शॉट काढाच. 1/100 ला माणसं हलतात, तिथं फ्लॅशनं गोठवायची. व्हिडिओवाल्याला 25 फ्रेम आणि 1/50 वर राहू द्या.

अक्षतांचं वेगळं सांगतो, कारण बहुतेक ऑर्डरी तिथं बिघडतात. अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार हे भटजींना आधी विचारा आणि त्याच्या समोरच्या बाजूला, पडद्याच्या रेषेत उभे राहा. नवरा-नवरी दोघं पडद्याच्या दोन बाजूंना एकाच फ्रेममध्ये दिसले पाहिजेत. शेवटच्या ‘सावधान’ला मामामंडळी पुढं घुसतात, म्हणून आपली जागा दोन मंगलाष्टकं आधीच धरा. हवेतल्या अक्षता जवळून गेल्या की ऑटोफोकस त्यांच्यामागं पळतो. फोकस मागच्या बटणावर घ्या, चेहऱ्यावर धरून बोट सोडा, एफ 5.6 ठेवा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 3200 पर्यंत गेला तरी घाबरू नका. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला कुणी घेत नाही.

हिशेबाची_वही

गिअरवर वर सगळं आलंय. रेटबद्दल लिहितो.

तुम्ही दोन दिवसांच्या कामाचे पैसे मागता आणि नऊ दिवस राबता, सगळा तोटा तिथं आहे. हळद आणि लग्न मिळून 2 दिवस, छाटणी 1, कलर आणि एडिटिंग 3, अल्बम डिझाइन 2, पार्टीच्या दुरुस्त्या 1. समजा रेट 45,000 सांगितला. त्यातून 12 बाय 36 च्या अल्बमचं लॅबचं बिल, व्हिडिओवाल्याची आणि हेल्परची मजुरी, व्हिडिओचं मिक्सिंग, पेट्रोल, पेनड्राइव्ह वजा करा. 27,000 खर्च झाला तर उरले 18,000, म्हणजे दिवसाला 2,000. त्यातून कॅमेऱ्याची झीजही जायची. दोन लाख क्लिक शटरचं आयुष्य धरलं आणि लग्नाला 4,000 क्लिक होत असतील, तर 50 लग्नांत शटर संपलं. शटर बदलायचा खर्च 50 नं भागून प्रत्येक ऑर्डरीत टाका. शेजारचा 25,000 मध्ये करतोय तर करू दे. त्याचा हिशेब त्याच्यापाशी.

पैसे तीन टप्प्यांत घ्या. बुकिंगला 30-40 टक्के, मोठा भाग लग्नाच्या दिवशी अक्षता पडायच्या आधी, उरलेले अल्बम लॅबला जायच्या आधी. ‘अल्बम दिल्यावर देतो’ हे मान्य करायचंच नाही. पार्टी फोटो सिलेक्ट करत नाही, वर्ष जातं, मग बारशाला अल्बम मागतात. एक पानाचा करार मराठीत आणि कन्नडमध्ये छापून ठेवा. सिलेक्शनला 60 दिवस, दुरुस्त्या दोनदाच, अल्बमची शीट किती, तारीख बदलली तर ॲडव्हान्सचं काय, जेवण-मुक्काम कुणाकडं, सगळं त्यात.

त्याच करारात आणखी एक ओळ घाला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे नवरीचे फोटो इन्स्टावर टाकायला लेखी परवानगी घ्या. सीमाभागात पै-पाहुणे दोन राज्यांत पसरलेले, एका फोटोवरून घरात वाद झाला की पुढच्या चार ऑर्डरी जातात.

जीएसटी: सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि सेवा दुसऱ्या राज्यात दिली तरी ही सूट राहते. कागल-कोल्हापूरच्या ऑर्डरी बिनधास्त घ्या. नोंदणी झाल्यावर 18 टक्के लागतो, तेव्हा कोटेशनमध्ये ‘कर वेगळा’ लिहा.

खानापूर_पाऊस

70-200 बद्दल थोडं वेगळं मत. गावाकडं दारातल्या मांडवात लग्न असेल तर मागं सरकायला जागाच नसते, ती लेन्स पिशवीतच राहते. त्या भाड्याच्या पैशात 35 एमएम एफ 1.8 कडे वाटचाल करा. शहरातल्या लॉनला मात्र 70-200 हवीच.

इथं एकाच रस्त्यावर मराठा, लिंगायत, जैन, ब्राह्मण अशी घरं. प्रत्येकाचा विधींचा क्रम वेगळा. बुकिंगलाच घरातल्या मोठ्या बाईंना किंवा पुरोहितांना विचारून क्रम कागदावर उतरवा: कुठला विधी, कुणाच्या हातून, किती वाजता. कन्नड घरात धारे (कन्यादानाची धार) कधी, ताळी (मंगळसूत्र) कधी, एवढं तरी कन्नडमध्ये विचारता आलं पाहिजे. मराठी लग्नात कानपिळीला नवरीचा भाऊ कोण, हे आधी माहीत नसेल तर तो क्षण हातचा गेला. पाच सेकंदांचा तो खेळ.

फाइलींची काळजी घ्या. 24 मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण 25 ते 30 एमबी, 3,000 फोटो म्हणजे 75 ते 90 जीबी. 256 चं एकच कार्ड घालण्यापेक्षा 64 ची चार घ्या, दोन्ही स्लॉटवर एकाच वेळी लिहू द्या. दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी होऊन उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि एक डिस्क स्टुडिओच्या बाहेर, घरी. चुकून डिलीट झालंच तर त्या कार्डावर पुढं एकही क्लिक नको, तरच रिकव्हरी होते. आणि सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवा. दोन बॉडींत सात मिनिटांचा फरक असेल तर लॅपटॉपवर मंगळसूत्र अंतरपाटाच्या आधी येतं.

पावसाळ्यात खानापूर-बेळगावची हवा लेन्स खाते. लेदरच्या बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागतेच. ड्राय कॅबिनेट नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांत ठेवा.

कोगनोळी_फाटा

भरपूर मिळालं, धन्यवाद. चातुर्मासात काय करता ओ? आणि सगळे ड्रोन मागतात.

अंतरपाट

चातुर्मासात लग्नं नसली तरी बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस चालूच असतात. चातुर्मास संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. गणेश मंडळं पैसे कमी देतात, पण बेळगावच्या विसर्जनाला किंवा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला काम केलं की गल्लीगल्लीत तुमचं नाव जातं. गुलालात बाहेर येणारी झूम लेन्स नेऊ नका, नळी आत-बाहेर करताना पावडर ओढते. प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावा, कॅमेऱ्यावर पारदर्शक पिशवी, लेन्स बदलायची नाही, आणि नंतर ब्लोअरनंच उडवा. फडक्यानं पुसलंत की काचेवर ओरखडे.

ड्रोन विकत घेऊ नका. 250 ग्रॅमच्या वरचा असेल तर नोंदणी क्रमांक लागतो, आणि धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवाल्याला दिवसावर बोलवा. आणि त्याच्याकडून डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर जागा तपासून घ्या. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचा तळ आहे, बेळगावात कॅम्प आणि मराठा लाइट इन्फंट्रीचा भाग आहे. तिथल्या हॉलच्या पार्टीला बुकिंगलाच ‘ड्रोन नाही’ सांगून टाका.

हिशेबाची_वही

दोन राहिलेल्या गोष्टी. दाट मुहूर्ताच्या तारखांना सगळ्यांनाच हात लागतात, म्हणून व्हिडिओवाल्याला आणि हेल्परला तुम्हीही ॲडव्हान्स देऊन तारीख बांधा. सीमेवर आंदोलन पेटलं की दोन्हीकडच्या बसेस बंद होतात. कोल्हापूरकडची ऑर्डर असेल तर टीम आदल्या संध्याकाळीच पोचवा आणि कोगनोळी टोल कोटेशनमध्ये धरा.

स्टुडिओचा बोर्ड लावाल तेव्हा 60 टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूला, असा कर्नाटकचा नियम आहे. आधी मराठीत रंगवून मग पुन्हा पैसे घालू नका, पेंटरला पहिल्यांदाच माप देऊन टाका.