मदत हवी आहे: हिरव्या डेकमध्ये क्रीचर कोणते ठेवू?

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळासाठी पहिल्यांदाच स्वतः 60 कार्डांचा हिरवा डेक लावतोय. 24 लँड (माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा देणारी कार्डं), 8 स्पेल (मंत्र) आणि उरलेल्या 28 जागा क्रीचरना (लढणारे प्राणी). गोची इथेच आहे. 6-7 मानाचे अवाढव्य प्राणी मला सोडवत नाहीत (हौस, दुसरं काय!) आणि ते हातात नुसते बसून राहतात. तोवर समोरचा 1-2 मानाच्या किरकोळ क्रीचरनी मला झोडपून मोकळा.

लॅनोवार एल्व्ज (1 मानाचा, स्वतः माना देणारा क्रीचर) चारही घेतलेत. पहिल्या टर्नला उतरला आणि जगला, तर दुसऱ्याला 3 माना हातात. पण उशिरा आला तर 1/1 (ताकद 1, टिकाव 1) चं करायचं काय?

2 आणि 3 मानाचे साधारण किती ठेवता? आणि उडणाऱ्यांना अडवायला रीचवाले मुख्य डेकमध्येच घालू की साइडबोर्डात (दोन डावांच्या मधे बदलायच्या राखीव कार्डांत)?