लेकीला जुनी चाळच हवीय, काय करू?

वरळीच्या बीडीडी चाळीतली 160 स्क्वेअर फुटांची खोली सुटली, आता टॉवरमध्ये 500 चा फ्लॅट, लिफ्ट, घरातच संडास, सगळं आहे पण 4 वर्षांची लेक रोज झोपताना विचारते आपण घरी कधी जायचं? मलाच रडू येतं.

– अगं तिला पॅसेज आठवत असणार. आमचा तर ताट घेऊन तीन घरं फिरायचा, कोणाकडे कोलंबी आहे बघून तिथेच बसायचा 😀 संध्याकाळी दार उघडं ठेव, येतील पोरं.

– उघडं ठेवलं तर आमच्याकडे वॉचमन विचारायला येतो, काही झालं का म्हणून!

– जुन्या दाराची कडी आणलीस का? आम्ही आणली, बेडरूमला लावलीय, पोरगा दिवसभर वाजवतो, डोकं उठतं पण आता ह्यालाच घर म्हणतो.