शब्दचर्चा : अमरावतीचे 'संगमरवरी अवशेष' लंडनला 'हलवण्यात आले'?

प्रश्न : ब्रिटिश म्युझियममधील भारतीय शिल्पांविषयीच्या एका मराठी लेखात "अमरावतीचे संगमरवरी अवशेष १८५९ मध्ये लंडनला हलवण्यात आले" असे वाक्य वाचले. यातील 'अवशेष' हा शब्द योग्य आहे का? 'हलवणे' हे क्रियापद तटस्थ मानावे का? याच दगडांसाठी अन्यत्र 'लूट' हा शब्दही वाचनात आला. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर : एवढ्याशा वाक्यात तपासण्याजोगे चार शब्द आहेत आणि त्यांतील पहिला 'अमरावती' हाच आहे. मराठी वाचकाला या नावाने विदर्भातील शहरच आठवणार. ही अमरावती आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी आहे आणि हे दगड तेथील प्राचीन बौद्ध स्तूपाचे आहेत, तेव्हा पहिल्याच उल्लेखात 'आंध्रातील' हे विशेषण घातलेले बरे. तिचा आपल्याशी संबंध नाही असे मात्र नव्हे. नाशिकच्या लेण्यांतील लेखात ज्याच्या राज्यवर्षाचा उल्लेख आहे, त्या सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे नाव अमरावतीच्या शिलालेखातही येते.

'संगमरवरी' ही तर सरळ चूक आहे. हा दगड पालनाड भागातील चुनखडक आहे. प्राचीन शिल्पांना सरसकट 'मार्बल्स' म्हणण्याची रीत इंग्रजीत जुनीच होती. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिरावरून काढून नेलेली शिल्पे ब्रिटिश संसदेने १८१६ मध्ये ३५,००० पौंडांना विकत घेतली, तेव्हा ही रीत सर्वतोमुखी झाली. ती शिल्पे निदान खरोखर संगमरवराची होती. त्याच चालीवर, मद्रासमधील ब्रिटिश अधिकारी सर वॉल्टर एलियट याने १८४५ मध्ये उत्खनन करून काढलेल्या अमरावतीच्या शिल्पांना 'एलियट मार्बल्स' म्हटले गेले, आणि मराठीत येताना त्या नावातून नसलेला संगमरवर उगवला.

'अवशेष' हा शब्द एरवी निर्दोष आहे, पण स्तूपाच्या संदर्भात तो हमखास घोटाळा करतो. बौद्ध परंपरेविषयी लिहिताना 'अवशेष' म्हणजे बुद्धाच्या किंवा थोर भिक्षूंच्या अस्थी, ज्यांना 'धातू' असेही म्हणतात. उत्तर प्रदेशातील पिपरहवा येथे १८९८ मध्ये सापडलेल्या अस्थिकरंडकांविषयी लिहिताना आपण हाच शब्द वापरतो. त्यामुळे 'स्तूपाचे अवशेष लंडनला गेले' असे वाचणाऱ्याला अस्थिकरंडकच गेला असे वाटले, तर दोष त्याचा नाही. शिवाय ज्याचे मूळ नाव आणि मूळ जागा ठाऊक आहे, त्याला मोघम शब्द कशाला? स्तूपाभोवतीच्या कठड्याला वेदिका म्हणतात. तिचे उभे ते स्तंभ, त्यांना जोडणाऱ्या आडव्या त्या सूची, आणि सर्वांवरून फिरणारी दगडी पट्टी ते उष्णीष. अंडाखालच्या, म्हणजे स्तूपाच्या घुमटाखालच्या, मेधीला (गोल जोत्याला) जडवलेल्या कोरीव शिळांना 'शिल्पपट्ट' म्हणावे, आणि नेमका भाग ओळखता येत नसेल तेव्हाच 'शिल्पखंड'.

लंडनमधील एक शिल्पपट्ट या दृष्टीने मुद्दाम पाहण्याजोगा आहे. त्याच्या एका बाजूस बोधिवृक्ष, त्याखाली रिकामे आसन आणि वंदन करणारी माणसे आहेत. हे काम इ.स.पूर्व पहिल्या शतकातील मानले जाते. पुढे सुमारे इ.स. तिसऱ्या शतकात तोच दगड फिरवून त्याच्या मागच्या बाजूवर आख्खा सजलेला स्तूप कोरला गेला. अमरावतीचा स्तूप डौलात उभा असताना कसा दिसत असावा, याची आपली कल्पना बरीचशी अशा पट्टांवर बेतलेली आहे. याला 'अवशेष' म्हणून मोकळे होणे म्हणजे हातचा पुरावा गमावणे होय.

आता 'हलवण्यात आले'. हलवतो तो सामानाचा मालक किंवा त्याचा माणूस. आणि '-ण्यात आले' या सरकारी प्रयोगात कर्ता अलगद गडप होतो. येथे तर कर्ते एकाहून अधिक आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदाराच्या माणसांनी बांधकामासाठी स्तूपाच्या टेकाडातून दगड उपसले. ब्रिटिश सर्वेक्षक कर्नल कॉलिन मॅकेन्झीने, आधी एकदा येऊन गेल्यावर, १८१६ मध्ये पुन्हा येऊन आराखडे आणि चित्रे करवून घेतली. एलियटने शिल्पे उकरून मद्रासला पाठवली. तेथून १८५९ मध्ये ती जहाजाने लंडनला रवाना झाली आणि १८८० मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आली. म्हणून उपसले, उकरले, पाठवले, ठेवून घेतले अशी वेगवेगळी क्रियापदे वापरावीत. एकाच शब्दात सांगायचे असेल, तर 'काढून नेले' हा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यात जागेवरून वेगळे करणेही येते आणि दूर नेणेही.

'लूट' या शब्दाबाबत मी जरा जपून राहीन. मराठीत लुटीला बळजबरी लागते, बहुधा शस्त्रही लागते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर नेलेला टिपूचा लाकडी वाघ ही निःसंशय लूट होती. अमरावतीला कोणी लढाई केली नाही. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याने, विचारायला कोणी उरलेच नव्हते अशा काळात, दगड नेले. त्याला अन्याय म्हणावे, 'लूट' हा शब्द श्रीरंगपट्टणासाठी राखून ठेवावा.

पुरवणी प्रश्न : परत आणण्याच्या मागणीसाठी 'प्रत्यर्पण' चालेल का?

उत्तर : नको. तो शब्द आरोपींच्या हस्तांतरणासाठी इतका रुळला आहे की, वाचताच बेड्या घातलेला माणूस विमानातून उतरताना दिसतो. 'परत देणे' आणि 'परत मागणे' पुरेसे आहेत, मात्र 'परत' हा शब्द सैल सोडू नये. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यात आली, तेव्हा अनेकांनी 'परत आली' असे लिहिले; ती तीन वर्षांच्या मुदतीने उसनी आली होती. हा फरक किरकोळ नाही. १९६३ च्या कायद्यामुळे ब्रिटिश म्युझियमला संग्रहातील वस्तू, मोजके अपवाद सोडता, कायमची देऊन टाकता येत नाही, उसनी देता येते. आणि पार्थेनॉनची शिल्पे उसनी घेतल्यास म्युझियमची मालकी मान्य केल्यासारखे होईल, म्हणून ग्रीस त्या शब्दालाच हरकत घेत आला आहे. तेव्हा बातमीत 'उसनी', 'मुदतीने' किंवा 'कायमची' यांपैकी जे खरे असेल ते क्रियापदाच्या आधी लिहावे.